स्मारक धुऊ नका, आधी त्याचे सांधे बघा

प्रति,
आमच्या गावाची पॅरिश चर्च कौन्सिल आणि पॅरिश कौन्सिल यांचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

चर्चच्या आवारातले युद्धस्मारक रिमेंबरन्स संडेच्या, म्हणजे युद्धांत पडलेल्यांना आदरांजली वाहण्याच्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारच्या आत, स्वच्छ आणि नीटनेटके करून घ्यायचे ठरल्याची सूचना फाटकाजवळच्या फलकावर लागली आहे. सूचनेत चार कामे लिहिली आहेत. प्रेशर वॉशरने धुणे, ब्लीच मारून शेवाळ आणि दगडफूल घालवणे, उघडे पडलेले सांधे सिमेंटने भरणे आणि पुसट झालेली नावे नव्याने कोरणे. आपला हेतू चांगला आहे, त्याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण या चारपैकी एकही काम या दगडाला सोसणारे नाही, आणि एकदा झाले की ते मागे घेता येणार नाही. म्हणून गप्प न बसता हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

पत्राची इंग्रजी प्रत दोन्ही कौन्सिलांकडे दिली आहे. ही मराठी प्रत इंग्लंडच्या खेड्यांत आणि छोट्या गावांत स्थायिक झालेल्या मराठी घरांसाठी. पॅरिश चर्च कौन्सिल ही चर्चची समिती, तर पॅरिश कौन्सिल ही आपल्या ग्रामपंचायतीसारखी स्थानिक संस्था. पॅरिश कौन्सिलची सभा सर्वांना खुली असते आणि तिथे येऊन बसण्याचा हक्क त्यांनाही आहे. आपल्या गावातल्या स्मारकाचे काय चालले आहे हे त्यांनी जरूर विचारावे.

या दगडाचे मोल कशात आहे ते आधी सांगतो. १९१५ पासून ब्रिटिश सैन्यात मृतदेह मायदेशी आणायला बंदी झाली. श्रीमंत असो की शेतमजूर, जिथे पडला तिथेच पुरला. कित्येकांना तीही जागा मिळाली नाही. बेल्जियममधल्या यीप्रच्या मेनिन गेटवर ५४ हजारांहून जास्त नावे आहेत आणि फ्रान्समधल्या तीपवालच्या स्मारकावर ७२ हजारांहून जास्त, आणि ही सगळी कबर न सापडलेल्यांची. फ्रान्सला जाऊन येणे गावातल्या बहुतेक आयांना परवडणारे नव्हते. त्यांना हात लावता येईल असा दगड एकच होता, चर्चला जाताना वाटेत लागणारा. तो सरकारने दिलेला नाही, लोकांनी वर्गणी काढून उभारला. म्हणूनच तर आज तो नक्की कोणाचा, हा घोळ आहे.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला या नावांकडे बघताना आणखी एक गोष्ट जाणवते. आपल्याकडेही काही गावांत त्याच महायुद्धाची शिळा आहे. तिच्यावर या गावातून इतके जण महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर असतो. आकडे आहेत, नावे नाहीत. इथे एकेक नाव कोरलेले आहे. ज्या गावाकडे नावे आहेत त्याने ती सांभाळायला हवीत.

आता कामांविषयी.

प्रेशर वॉशरपासून सुरुवात करू, कारण सर्वांत मोठा धोका तिथे आहे. नळाला पाण्याचा दाब साधारण १ ते ४ बार असतो. घरगुती प्रेशर वॉशर १०० ते १५० बारने पाणी मारतो. काळ्या पाषाणावर तो मारला तर एक वेळ निभावेल. आमच्या स्मारकाचा क्रूस, दांडा आणि पायऱ्या चुनखडीच्या दगडाच्या आहेत आणि जोत्यात बसवलेल्या नावांच्या पाट्या संगमरवरी. दोन्ही मुळात एकच द्रव्य, कॅल्शियम कार्बोनेट. शंभर वर्षे पाऊस खाऊन चुनखडीचा वरचा थर पक्का होतो, त्याच्या आतला दगड मऊ राहतो. फवाऱ्याने तो थर उडाला की आतला दगड खडबडीत आणि सच्छिद्र होऊन उघडा पडतो. पाणी जास्त पितो, शेवाळ जास्त धरतो, आणि थंडीत आतले पाणी गोठून फुगले की पापुद्रे सुटतात. धुतलेले स्मारक दोन हिवाळ्यांत पुन्हा हिरवे दिसते, तेव्हा लोक पुन्हा धुतात. असे चार-पाच वेळा झाले की कोरीव कडा गोल होऊन जातात.

पाट्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. अक्षरे शिशाची आहेत. आधी संगमरवरात अक्षराचा साचा कोरायचा, त्यात तिरकी बारीक भोके पाडायची, वर शिशाचा पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकत भोकांत घट्ट बसवायचा आणि मग सगळे घासून पाटीच्या पातळीला आणायचे, अशी ही पद्धत. म्हणजे बसवली तेव्हा ही अक्षरे पाटीशी सपाट होती. आज अक्षरांवरून नखाचे टोक फिरवून बघा, नख अडकते. अक्षर वर आलेले नाही, भोवतीचा संगमरवर आम्लयुक्त पावसाने खाली गेला आहे. पश्चिमेच्या पाटीवर तर बोटाला साखरेसारखे कण लागतात. अशा वर राहिलेल्या कडेखाली फवारा शिरला की अक्षर उपसून निघते. अक्षर पडले की साच्यात फक्त भोके उरतात. जाणकाराला भोकांच्या मांडणीवरून एच कुठला आणि एन कुठला ते ओळखू येते, पण ती भोकेही मातीने आणि वाऱ्यापावसाने झिजायला लागली की नाव गेले.

मग धुवायचे कसे? साधे पाणी, मऊ केसांचा कुंचला आणि भरपूर वेळ. आधी पक्ष्यांची घाण आणि सुटी माती लाकडी चमच्याने काढायची. दगड खालून वर भिजवत न्यायचा, म्हणजे कोरड्या दगडावर मळाचे ओघळ उमटत नाहीत. एका वेळी हातभर भाग घ्यायचा, हलक्या हाताने चोळून लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन टाकायचा. तारेचा ब्रश कधीच नाही, कारण त्याचे तुटलेले तुकडे दगडात रुतून गंजतात. विटांसाठीचे आम्ल तर चुनखडीला सरळ विरघळवते. हट्टी काळ्या थरासाठी कमी दाबाच्या गरम वाफेचे यंत्र वापरता येते, पण ते प्रशिक्षित माणसाच्या हातात आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाचणी घेतल्यावरच. शिशाच्या अक्षरांवर तेही नको.

दुसरी हरकत ब्लीचवर. त्यातले क्षार दगडात मुरतात, दगड वाळला की पृष्ठभागाखाली त्यांचे स्फटिक होतात आणि वरचा थर ढकलून पाडतात. नुकसान दिसायला वर्ष-दोन वर्षे जातात, तोपर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नाही की ब्लीच मारले होते.

आणि दगडफुलाला एवढे घाबरण्याचे कारण काय? आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल याच कुळातले. चर्चच्या आवारातले राखाडी, पिवळे, नारिंगी गोल ठिपके वर्षाला एखादा मिलिमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी वाढतात. पायरीवरचा हाताच्या पंज्याएवढा गोल कदाचित स्मारकाच्याच वयाचा असेल. तो दगडाला सहसा इजा करत नाही, खरवडून काढताना मात्र इजा नक्की होते. अक्षर वाचता येत नसेल तेवढ्याच जागी, ओले करून, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढावे. शेवाळ वेगळे. ते उत्तरेच्या बाजूला आहे, कारण यू नावाच्या सदाहरित झाडाच्या फांद्या स्मारकावर टेकल्या आहेत आणि तिथे ऊन-वारा पोचत नाही. त्यावर उपाय परवानगी घेऊन फांद्या छाटण्याचा आहे, बाटलीतला नव्हे.

तिसरे काम सिमेंटचे. इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण स्मारकाचा खरा आजार सांध्यांत आहे आणि आपल्या सूचनेत त्याच्यावर चुकीचे औषध आहे.

जुन्या बांधकामात सांधा मुद्दाम दगडापेक्षा मऊ ठेवत. आत शिरलेले पाणी सांध्यातून बाहेर पडावे आणि झीज व्हायची ती चुन्याची व्हावी, दगडाची नको. चुना झिजला की पुन्हा भरायचा, पन्नास-साठ वर्षांत एकदा. सिमेंट चुनखडीपेक्षा कडक आणि पाणी अडवणारे. सांधा सिमेंटने बुजवला की ओल दगडातूनच बाहेर पडते आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंचा दगड भुगा होत जातो, सिमेंटची रेघ मात्र तशीच पुढे आलेली राहते. हे तर्काने सांगत नाही. आमच्याच स्मारकाच्या दुसऱ्या पायरीवर पूर्वी कोणीतरी सिमेंट भरले होते. तिथे वाकून बघा, दगड बोटभर आत गेला आहे. महाराष्ट्रात किल्ल्यांच्या तटांना सिमेंट लावले की दुर्गप्रेमी का कळवळतात, ते याच कारणाने.

सांधे भरायचे ते चुन्याने. नॅचरल हायड्रॉलिक लाइमची (पाण्याने आवळणाऱ्या चुन्याची) मऊ प्रत, म्हणजे एनएचएल २ किंवा फार तर ३.५, एक भाग आणि धुतलेली, लहानमोठ्या कणांची वाळू अडीच ते तीन भाग. सांधा तीन ते पाच मिलिमीटरइतका बारीक असेल तर मुरलेल्या चुन्यात त्याच जातीच्या दगडाची पूड. जुना माल काढताना ग्राइंडर चालवायचा नाही, कारण तो हमखास दगडाची कड खातो. बारीक सांध्यात हॅकसॉचे जुने पाते चांगले चालते. जुना माल सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत काढायचा, आणि निदान २५ मिलिमीटर. सांधा धुऊन ओला ठेवायचा, माल दाबून भरायचा, अर्धवट आवळला की ताठ केसांच्या ब्रशने ठोकायचा, दगडावर माल फासायचा नाही. वर ओले गोणपाट आणि प्लॅस्टिक, निदान आठवडाभर. आणि पारा पाच अंशांच्या खाली जायची शक्यता असेल तर हे काम घ्यायचेच नाही. चुना घट्ट व्हायच्या आत त्यातले पाणी गोठले की तो रव्यासारखा निघून येतो. इंग्लंडमध्ये हे काम एप्रिल ते सप्टेंबरचे. ऑक्टोबरअखेर उरकायचे म्हणजे गवंड्याला सिमेंटशिवाय पर्याय ठेवायचा नाही असे होते.

पण सांधे भरण्याआधी दांड्याच्या बुडाशी बघा. दक्षिणेच्या बाजूला, जोत्याला टेकतो तिथून केसाएवढी उभी चीर वर गेली आहे आणि तिच्या कडेला तपकिरी ओघळ आहे. दांडा जोत्यावर आतल्या खुंटीने उभा आहे. हा ओघळ सांगतो की खुंटी लोखंडाची आहे आणि तिच्यापर्यंत पाणी पोचले आहे. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो. त्याला जागा मिळत नाही, म्हणून दगड फुटतो. दांडा अडीच मीटर उंच आणि सरासरी ३० सेंटिमीटर जाड आहे. या दगडाचे वजन घनमीटरला सव्वादोन टन धरले तर नुसता दांडाच ४०० किलोच्या वर भरतो, क्रूस वेगळा. त्याखाली शाळेतली मुले पुष्पचक्र ठेवायला रांगेत उभी राहतात. या चिरेविषयी सूचनेत एक अक्षर नाही, आणि वरून सिमेंट फासले तर ती दिसायचीही बंद होईल.

यावर उपाय म्हणजे दांडा उतरवून गंजकी खुंटी काढायची आणि तिच्या जागी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची किंवा फॉस्फर ब्रॉन्झची बसवायची. हे काम खर्चाचे आहे, परवानगीचे आहे, पण गरजेचे हेच आहे. दिसते त्या काळपटपणावर पैसे जाणार आणि दिसत नाही त्या खुंटीवर जाणार नाहीत, हे आम्हाला मान्य नाही.

चौथे काम नावांचे. पुन्हा कोरायचे म्हणजे आहे तो पृष्ठभाग खरवडून नवा करायचा. मूळ कारागिराचा हात त्यात जातो आणि पाटी पातळ होते. पडलेले अक्षर तेवढे नव्याने शिशात बसवता येते, त्यासाठी इतर अक्षरांना धक्का लावण्याची गरज नाही. नाव खरोखर वाचता येत नाही का, तेही नीट तपासलेले दिसत नाही. दुपारी समोरून बघितले तर अर्धी नावे गायब वाटतात. अंधार पडल्यावर पाटीला जवळजवळ चिकटवून विजेरी आडवी धरा, सगळी वाचता येतात. तसेच फोटो काढून ठेवा. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडूने घासू नका, दाढीचा फेस लावू नका.

शिवाय कारागिराला द्यायची म्हणून जी टाइप केलेली यादी तयार झाली आहे ती पाटीशी जुळत नाही. दोन आडनावांचे स्पेलिंग वेगळे आहे आणि एका ठिकाणी नावाचे आद्याक्षर गाळले आहे. दगडावर चूक गेली की ती पुढच्या शंभर वर्षांची. यादी आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धांत पडलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदींशी, सैन्यात असल्याने गावाबाहेर असलेल्या मतदारांच्या १९१८ च्या यादीशी आणि चर्चच्या जुन्या वह्यांशी ताडून बघा. वगळलेले नाव घालायची मागणी कोणी केली तर तो स्वतंत्र विषय धरावा. कमिशन आपल्या नोंदीसाठी पहिल्या महायुद्धात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यात ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या तारखा धरते. गावाच्या समितीने तेव्हा वेगळा नियम लावला असू शकतो, आणि तोही इतिहासच आहे.

उरला प्रश्न जबाबदारीचा. चर्च कौन्सिल म्हणते, स्मारक साऱ्या गावाचे, पॅरिश कौन्सिलने बघावे. पॅरिश कौन्सिल म्हणते, जमीन चर्चची. कोणीतरी सभेत असेही म्हणाले की ते काम कमिशनचे. तसे नाही. आवारात सैनिकांच्या पांढऱ्या शिळा आहेत तेवढ्या कमिशनच्या, गावाच्या स्मारकाशी त्याचा संबंध नाही. १९२३ च्या युद्धस्मारक कायद्याने स्थानिक संस्थांना स्मारकाच्या देखभालीवर खर्च करायचा अधिकार दिला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात दुरुस्तीही झाली. तो अधिकार आहे, सक्ती नाही. म्हणजे पॅरिश कौन्सिलला पैसे खर्च करता येत नाहीत, हे उत्तर टिकत नाही. दफनासाठी बंद झालेल्या आवाराची देखभाल १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याखाली नोटीस देऊन पॅरिश कौन्सिलकडे सोपवता येते, आणि तिला ती तीन महिन्यांच्या आत पुढे जिल्हा कौन्सिलकडे देता येते. आपल्या आवाराबाबत अशी नोटीस कधी दिली गेली का, हे दोन्हीकडच्या कार्यवाहांनी कागद काढून सांगावे. जाता जाता, गवत कापणाऱ्याला स्ट्रिमरची दोरी खालच्या पायरीला लागू देऊ नका असेही कोणीतरी सांगायला हवे. तिथली कड तुटते आहे, आणि हे सांगायचे कोणी हेच ठरलेले नाही.

परवानगीचेही तसेच. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात असे काम डायोसिसच्या (बिशपच्या प्रांताच्या) चान्सलरच्या, म्हणजे तिथल्या चर्च न्यायाधीशाच्या, फॅकल्टीशिवाय (लेखी परवान्याशिवाय) होत नाही, किरकोळ बाबींना आर्चडीकन या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची लेखी संमती लागते. स्मारकाची संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत ग्रेड २ म्हणून स्वतंत्र नोंद असेल तर नियोजन खात्याला आधी विचारावे लागते. सूचनेत यांपैकी कशाचाच उल्लेख नाही.

आमच्या मागण्या अशा.

ठेकेदाराला दिलेले काम लगेच थांबवावे आणि तसे फलकावर लावावे.

चिरेची तपासणी मात्र थांबवू नये. दगडाच्या जतनाचा अनुभव असलेला, इन्स्टिट्यूट ऑफ कॉन्झर्वेशनच्या नोंदणीतला तज्ज्ञ बोलवावा आणि त्याचा अहवाल येईपर्यंत स्मारकाभोवती दोन मीटरवर दोरी बांधावी. या वर्षी पुष्पचक्रे दोरीबाहेर ठेवली तर कोणाचा मान कमी होत नाही. जानेवारीअखेर ती उचलावीत, वर्षभर दगडावर ठेवली तर खाली ओल धरते.

वॉर मेमोरियल्स ट्रस्टकडे सल्ल्यासाठी आणि अनुदानासाठी अर्ज करावा. झालेल्या कामाला हा ट्रस्ट पैसे देत नाही, म्हणून अर्ज कामाच्या आधी गेला पाहिजे. घाईत काम उरकले तर अनुदानाची वाट आपणच बंद करू.

दोन्ही कौन्सिलांची एकत्र सभा घ्यावी आणि स्मारक कोणी सांभाळायचे, दरवर्षी पाहणी कोणी करायची, फोटो आणि नोंदी कोठे ठेवायच्या हे इतिवृत्तात लिहून घ्यावे. खर्च अर्धा-अर्धा ठरला तरी चालेल, पण ठरावा.

नावांची तपासलेली यादी महिनाभर फलकावर लावावी, म्हणजे ज्यांच्या घरातली ती नावे आहेत त्यांना बोलायला संधी मिळेल. त्यानंतरच छिन्नी लावायची की नाही ते बघू.

सांधे आणि खुंटीचे काम एप्रिलनंतर घ्यावे. साध्या पाण्याची सफाई आपल्या परवानगीने आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आम्ही स्वतः, विनामोबदला करून देऊ. बादल्या, कुंचले आणि माणसे आमची.

एकत्र सभेची तारीख कळवावी. तिच्या आदल्या संध्याकाळी आम्ही विजेरी घेऊन स्मारकापाशी असू. आपल्यापैकी ज्यांना ती चीर आणि ती नावे स्वतः बघायची आहेत त्यांनी जरूर यावे.

आपले नम्र,
गावातले काही रहिवासी